यू मुम्बाचे मालक रॉनी स्क्रूवाला यांचे समाजकार्य संघाच्या प्रसिद्धीसाठी आहे का?

यू मुम्बा या कबड्डी संघाचे मालक रॉनी स्क्रूवाला मूळचे कोण आणि खेड्यांतील त्यांचे काम म्हणजे संघाची जाहिरात तर नव्हे, असे आपण विचारले आहे. मी कोल्हापुरात स्थानिक कबड्डी सामन्यांना गुणलेखक म्हणून बसतो, एवढाच माझा या विषयाशी संबंध. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: तसे वाटत नाही, कारण संघ २०१४ चा आहे आणि समाजकार्य त्याच्या आधीपासूनचे.

संघाला मालक असतो ही कल्पनाच आम्हा कोल्हापूरकरांना जरा उशिरा पचली. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात मल्लांना दरबारचा आश्रय होता, १९१२ साली खासबागेचे मैदान उभे राहिले, आणि पुढे फुटबॉल असो वा कबड्डी, तालमी आणि मंडळे पेठेच्या वर्गणीवर चालत आली. त्यामुळे एखादा उद्योजक कबड्डीचा संघ विकत घेतो म्हटल्यावर आमच्यातल्या अनेकांनी नाके मुरडली होती, आणि त्यांत मीही होतो.

स्क्रूवाला मुंबईचे पारशी, जन्म १९५६ चा. घराघरांत एकटे दूरदर्शन दिसत होते तेव्हा, म्हणजे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, त्यांनी दक्षिण मुंबईतील इमारतींत केबल टीव्ही पोहोचवला. इंग्लंडमध्ये मोडीत निघालेली यंत्रे आणून दातांचे ब्रशही बनवले. १९९० मध्ये त्यांनी यूटीव्ही सुरू केली. दुपारची जेवणे उरकून घरोघरी पाहिली जाणारी ‘शांती’ ही मालिका याच कंपनीची. पुढे कंपनी चित्रपटांत उतरली आणि २०१२ मध्ये डिस्नेने ती ताब्यात घेतली. त्यानंतरची अपग्रॅड ही शिक्षण कंपनी आपणास ठाऊक असेलच.

प्रो कबड्डी लीग या व्यावसायिक स्पर्धेत त्यांचा संघ पहिल्या तिन्ही हंगामांत अंतिम फेरीत पोहोचला. २०१४ मध्ये जयपूरकडून हार झाली, २०१५ मध्ये अनुप कुमारच्या नेतृत्वाखाली बंगळूरला ३६-३० असे हरवून विजेतेपद मिळाले आणि २०१६ मध्ये पाटण्याने तीन गुणांनी हरवले. पण आमच्या जिल्ह्याला यू मुम्बा खऱ्या अर्थाने आपला वाटला तो २०१८ मध्ये. चंदगड तालुक्यातील हुंदळेवाडीच्या सिद्धार्थ देसाईला त्यांनी ३६.४ लाखांना घेतले, आणि पहिल्याच हंगामात या पोराने चढायांतून दोनशेहून अधिक गुण मिळवले. दोघे-तिघे अंगाला लोंबकळत असताना त्यांना ओढत नेऊन तो मध्यरेषेला हात लावी, तेव्हा मंडळाच्या खोलीतला आमचा टीव्ही ऐकूच येत नसे. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने त्याला १ कोटी ४५ लाखांना नेले. फक्की मारून आखलेल्या मैदानावर बक्षिसाच्या पाकिटासाठी खेळणाऱ्या मुलांना या आकड्याने काय वाटले असेल, हे मी वेगळे सांगायला नको.

आता समाजकार्य. स्क्रूवाला आणि त्यांच्या पत्नी झरीना यांच्या संस्थेचे आजचे नाव स्वदेस फाउंडेशन, आणि कामाचा मुख्य प्रदेश रायगड जिल्हा: माणगाव, महाड, पोलादपूर, म्हसळा, श्रीवर्धन वगैरे तालुके. येथे पावसाळ्यात पाणी कोसळते, पण डोंगरउतारावरून ते वाहून जाते आणि उन्हाळ्यात बायकांच्या डोक्यावर हंडे येतात. तरुण मुंबईला जातात, गावात म्हातारी माणसे उरतात. संस्थेने घरात नळ व शौचालय, डोळ्यांची तपासणी, शाळा, शेळीपालन आणि फळबागा अशी कामे एकाच गावात एकत्र हाती घेतली. मला महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट: फुकट काही द्यायचे नाही, गावकऱ्यांचा वाटा घ्यायचा, गाव विकास समिती उभी करायची आणि ती चालू लागली की संस्थेने बाहेर पडायचे. दहा लाख लोकांना गरिबीतून बाहेर काढण्याचे त्यांचे उद्दिष्ट फार मोठे आहे, आणि अशा गोल आकड्यांकडे मी थोड्या संशयानेच पाहतो. बाहेर पडण्याची भाषा मात्र देणगीदारांच्या तोंडी क्वचित ऐकू येते. बहुतेकांना आपल्या नावाची पाटी कायम राहायला हवी असते.

आपले कधी महाड-माणगावकडे जाणे झाले, तर नळाला पाणी येते का, एवढेच विचारून परतू नये. पाणीपट्टी कोण गोळा करतो आणि पंप बिघडला तर कोणाला बोलावतात, हेही विचारावे.