वाचकांना तालिकेत लिहू द्यावं का?

प्रश्न : आमच्या सार्वजनिक ग्रंथालयाची तालिका, म्हणजे पुस्तकांच्या नोंदींची सूची, आता ऑनलाइन आहे. वाचकांना तिथे अभिप्राय आणि टॅग (पुस्तकाला जोडायचे छोटे ओळखशब्द) लिहू द्यावेत, असं मला वाटतं. सहकारी म्हणतात, कोणीही काहीही लिहील आणि नोंदींवरचा विश्वास उडेल. काय करावं?
– एक ग्रंथपाल

उत्तर : लिहू द्या. माझी नोकरी तालिकीकरणातच गेली, एकेका विषयशीर्षकावरून आम्ही तासन्‌तास वाद घातलेत, त्यामुळे तुमच्या सहकाऱ्यांची धास्ती मला कळते. म्हणूनच वाचकांचे अभिप्राय आणि टॅग मूळ नोंदीत मिसळू नका, तिच्याखाली वेगळे दिसू द्या. तारांकनाच्या मात्र फंदात पडू नका. चार-दोन वाचकांनी दिलेल्या ताऱ्यांवरून पुस्तकाबद्दल काहीच कळत नाही.

माझ्या मते अभिप्रायांपेक्षा मोलाची आहे ती वाचकांकडची माहिती. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २००८ च्या जानेवारीत सुमारे ३,००० जुनी छायाचित्रं फ्लिकर या छायाचित्रांच्या संकेतस्थळावर ठेवली. त्यात बेन न्यूज सर्व्हिस या वृत्तसंस्थेचे विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे बरेच फोटो होते, आणि कित्येकांवर त्रोटक मथळ्यापलीकडे काही नव्हतं. लोकांनी जुनी वर्तमानपत्रं धुंडाळून माणूस कोण, प्रसंग कुठला, हे कळवलं. ग्रंथालयाने ते पडताळून मूळ नोंदीत घेतलं आणि पुढे स्रोत लिहिला : ‘फ्लिकर कॉमन्स प्रकल्प, २००८’. एवढ्याशा टिपेमुळे नोंदीतली कुठली माहिती वाचकांकडून आली, हे कुणालाही दिसतं. विश्वास टिकतो तो अशाने.

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने त्याच वर्षी जुन्या वर्तमानपत्रांचा मजकूर दुरुस्तीसाठी खुला केला. पुसट छपाई संगणकाला नीट वाचता येत नाही, अक्षरांची अदलाबदल होते, आणि नाव चुकलं की शोधात ती बातमी सापडतच नाही. तिथे पानाचं चित्र आणि मजकूर शेजारी-शेजारी दिसतात आणि वाचक ओळ न्‌ ओळ सुधारतो. आधीचा मजकूरही जपलेला असतो, त्यामुळे चुकीची दुरुस्ती मागे घेता येते. तुम्ही जे काही सुरू कराल त्यात ही सोय हवीच.

तुमच्याकडे जुने फोटो, हस्तलिखितं, स्थानिक अंक असतील तर तिथूनच सुरुवात करा.

एका बाबतीत मी हट्टी आहे. कोणी कुठलं पुस्तक नेलं, ही माहिती वाचकाने स्वतः सांगितल्याशिवाय कुठेही दिसता कामा नये. अभिप्राय टोपणनावानेही देता यावा.

आणि हे काम रोज पाहायला एक माणूस नेमा. चूक दाखवणाऱ्या वाचकाला उत्तर गेलंच पाहिजे. दुरुस्ती स्वीकारली नसेल, तर का नाही आणि कोणत्या आधारावर, हेही त्याला कळवा.