तिचा चेहरा नंतर बघा, आधी मानेच्या आत बघा

नमस्कार ताई. तुम्ही टाकलेले चारही फोटो मोठे करून नीट पाहिले. नंतर वाचणाऱ्यांसाठी तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो. तुमचे वडील व्यापारी जहाजावर होते. ऐंशीच्या दशकात मेक्सिकोच्या वेराक्रुस बंदरातून त्यांनी वीतभर उंचीची एक लाकडी बाहुली आणली. डोकं आणि हात लाकडाचे, अंगात विटलेला लाल झगा, एक हात गायब, मानेखाली भोक. सोबतच्या चिठ्ठीवर वडिलांच्या अक्षरात ‘तोतोनाक, डोंगरातली’ एवढंच लिहिलंय (तोतोनाक हा मेक्सिकोतला एक मूळ समाज). रत्नागिरीच्या घरी कपाट आवरताना ती सापडली, शेजारच्या काकू म्हणाल्या की ही करणीची बाहुली आहे, घरात ठेवू नका. शिवाय तिच्यातून पिठासारखा भुसा पडतोय. ठेवू का, रंगवू का, विकू का, असं तुम्ही विचारलंय.

आधी काकूंची भीती दूर करू. मानेखाली भोक असलेली, दोन सुटे हात असलेली बाहुली ही खेळातली बाहुली असते. भोकात तर्जनी जाते, झग्यातून अंगठा आणि मधलं बोट हातांत जातात, की ती मान हलवू लागते. करणीसाठी असल्या रचनेची गरजच नाही. हा गैरसमज कुठून येतो तेही सांगतो. सुयांची बाहुली आपल्या डोक्यात सिनेमांनी घातली आणि ती मंडळी बोट दाखवतात हैतीकडे, मेक्सिकोकडे नव्हे. तोतोनाक राहतात त्याच डोंगररांगेत सान पाब्लितो नावाचं ओतोमी लोकांचं गाव आहे. तिथे झाडाच्या सालीपासून ‘आमाते’ नावाचा कागद करतात आणि पूजाविधींसाठी त्यातून माणसांसारख्या आकृत्या कापतात. बियाण्यांच्या देवतांच्या, आजार उतरवण्यासाठीच्या. त्या आकृत्यांचे फोटो फिरतात आणि मग त्या भागातली प्रत्येक बाहुली लोकांना मंत्रातली वाटू लागते. तुमची बाहुली त्यातली नाही. निर्धास्त ठेवा.

आता ती आहे कोण? नोकरीनिमित्त मी चार वर्षं मेक्सिकोतल्या पुएब्ला शहरात होतो. सुट्टी मिळाली की उत्तरेच्या डोंगरात जायचो, त्याला तिथे सिएर्रा नोर्ते म्हणतात. पावसाचा, धुक्याचा, कॉफीच्या मळ्यांचा मुलूख. उतारावरची गावं बघून मला आंबोली आठवायची. या डोंगरात नाहुआ आणि तोतोनाक हे दोन समाज शेजारी शेजारी राहतात. क्वेत्सालानचा रविवारचा बाजार प्रामुख्याने नाहुआंचा, तिथून फार दूर नसलेलं उएउएत्ला तोतोनाकांचं. भाषा एकमेकींच्या नात्यातल्याही नाहीत. नाहुआत्ल ही अझ्टेकांची भाषा, आज साडेसोळा लाखांच्या आसपास लोक ती बोलतात. आपण रोज म्हणतो ते टोमॅटो आणि चिकू हे दोन्ही शब्द तिच्यातूनच स्पॅनिशमार्गे आपल्याकडे आले. तोतोनाक बोलणारे अडीच लाखांच्या आसपास. व्हॅनिलाची वेल ज्यांनी जगाला दिली ते हे लोक. भाषा वेगळ्या असल्या तरी जत्रेतली नृत्यं बरीचशी सामायिक आहेत. म्हणून चिठ्ठीवर ‘तोतोनाक’ लिहिलं नसतं, तर ही नाहुआंची की तोतोनाकांची हे फोटो बघून मी सांगितलं नसतं. छातीठोकपणे सांगणाऱ्या विक्रेत्यावरही माझा विश्वास बसत नाही.

या भागातल्या लाकडी हातबाहुल्यांचं सर्वांत ठळक ठिकाण म्हणजे ‘तेहोनेरोस’ नावाचं नृत्य. तेहोन हा स्पेनमध्ये बिज्जूसारखा एक प्राणी, पण मेक्सिकोत त्या नावाने ओळखतात तो कोआटी. लांब नाक, वर उभी धरलेली पट्ट्यापट्ट्यांची शेपटी, दिवसाढवळ्या टोळीने हिंडणारा. मक्याची कणसं भरली की त्याची धाड पडते. आपल्याकडे भाताला रानडुक्कर आणि बागेला वानर, तसा तिथे मक्याला तेहोन. तेहोनेरोस म्हणजे त्याची शिकार करणारे, म्हणजेच शेताची राखण करणारे. तोंडाला मुखवटे लावून हीच मंडळी नाचतात.

मी पाहिलं ते एका गावच्या ग्रामदैवताच्या, म्हणजे तिथल्या संताच्या उत्सवात, चर्चसमोरच्या पटांगणात. मधोमध एक उंच बांबू उभा केला होता. तिथे जाड बांबूला ‘तार्रो’ म्हणतात. बांबूच्या बुडाशी चारी बाजूंनी कापड ताणून छोटीशी कनात केलेली, आत एक माणूस बसलेला. सोंगं कनातीभोवती फेर धरून नाचत होती. थोड्या वेळाने कापडाच्या वरच्या कडेवर दोन लाकडी डोकी उगवली, एक पुरुष, एक बाई. दोघं एकमेकांकडे वळली, वाकली, नाचू लागली. कनातीतला माणूस दिसत नव्हता, पण त्याचं मनगट किती तयार होतं ते बाहुलीच्या मानेत दिसत होतं. बाहेरची सोंगं त्यांच्याशी बोलत होती, त्यांच्यावर ओरडत होती, पोरं खिदळत होती. दशावतारात संकासुर आला की पोरांचं जे होतं, अगदी तेच.

मग बांबूवरून लाकडाचा सुतारपक्षी वर चढू लागला. आतून दोरी ओढली की तो वर सरकतो आणि टकटक चोच मारतो. तो शेंड्याला पोचला. त्याच्यानंतर तेहोन चढला, पेंढा भरलेला. खाली कल्ला, शिकाऱ्यांची धावपळ, खोट्या बंदुका, आणि शेवटी तेहोन खाली. एवढीच गोष्ट. गावागणिक तिच्यात फरक पडतो, पात्रं कमीजास्त होतात, पण बांबू, पक्षी, तेहोन आणि कनातीवरच्या बाहुल्या हा गाभा.

सुतारपक्षी तिथे का, हे मी बराच काळ धरून बसलो होतो. माया लोकांच्या कथांमध्ये मका एका खडकाच्या पोटात दडलेला असतो. सुतारपक्षी चोच मारून खडक कुठे पातळ आहे ते शोधतो आणि मग वीज तो खडक फोडते. एका खेळात मका शोधणारा पक्षी आणि मका खाणारा प्राणी एकाच बांबूवर चढतात, हे मला फार सुंदर वाटतं. हा दुवा मी जोडलाय, त्या गावातल्या कुणी मला तो सांगितला नाही, तेवढं लक्षात घेऊन वाचा.

इथे एका सदस्याने वर लिहिलंय की ही रोसेते आरांदा मंडळींची बाहुली असावी. ते बरोबर वाटत नाही. ती मंडळी त्लास्काला राज्यातल्या उआमांत्लाची, 1835 पासून खेळ करणारी, आज तिथे राष्ट्रीय बाहुली संग्रहालयही आहे. पण त्यांच्या बाहुल्या कळसूत्री, वरून दोऱ्यांनी नाचवायच्या. तुमच्या बाहुलीच्या डोक्याला किंवा हाताला दोरी बांधायची खूण कुठेच नाही.

दुसऱ्या एकाने विचारलंय की बाहुल्या स्पॅनिश लोकांनीच नेल्या ना? काही अंशी. 1524 मध्ये मेक्सिको जिंकणारा स्पॅनिश सेनानी कोर्तेस होंडुरासच्या मोहिमेवर निघाला तेव्हा त्याच्या लवाजम्यात बाहुल्या नाचवणारा एक माणूस होता, असं त्याच्याबरोबर गेलेला बेर्नाल दियास लिहून गेलाय. पण सोळाव्या शतकात साहागुन या पाद्र्याने नाहुआ म्हाताऱ्यांकडून ज्या जुन्या गोष्टी उतरवून घेतल्या, त्यात तोल्लान नगरीच्या बाजारात बसून एक मायावी पुरुष तळहातावर इवल्याशा मूर्तीला नाचवतो अशी कथा येते. बघायला एवढी झुंबड उडते की माणसं चेंगरून मरतात. म्हणजे हातावर नाचणाऱ्या आकृतीची कल्पना नाहुआंना परकी नव्हती. त्याही आधीच्या तेओतिवाकान या मेक्सिकोतल्या प्राचीन शहरात हातपाय सुटे असलेल्या मातीच्या आकृत्या सापडल्या आहेत. दोन्ही प्रवाह एकत्र आले असं मी मानतो आणि त्यात कुणाचं काही कमी होत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचं. तुम्ही चारही फोटो चेहऱ्याचे काढलेत. मला मानेच्या आतला फोटो हवाय, मोबाइलचा टॉर्च लावून. चेहरा कुणीही जुना करू शकतं. धूर द्या, कॉफी फासा, दोन टवके काढा. 1970 च्या दशकात गेरेरो राज्यात फक्त विकण्यासाठी कोरलेले मुखवटे जुने म्हणून जगभरच्या संग्रहांत गेले, ते असेच. भोकाच्या आत एवढी मेहनत सहसा कुणी घेत नाही. खेळात वापरलेल्या बाहुलीच्या भोकाची कड बोटाने घासून गोल झालेली असते, आत घामाचा काळपट, गुळगुळीत थर असतो आणि तो जिथे बोट टेकतं तिथेच जास्त असतो. विकण्यासाठी केलेलीत छिन्नीच्या खुणा धारदार आणि लाकूड कोरं. दुसरी खूण रंगाची. गावातले लोक उत्सवाआधी बाहुली पुन्हा रंगवतात, त्यामुळे टवका उडालेल्या जागी खाली वेगळ्या रंगाचे पापुद्रे दिसतात. तुमच्या तिसऱ्या फोटोत कानाजवळ गुलाबीखाली पांढरट रंग दिसतोय असं मला वाटतं. तो जवळून काढा.

भुशाबद्दल. मेक्सिकोत मुखवट्यांसाठी जी हलकी लाकडं वापरतात त्यात ‘सोंपांत्ले’ मोठं नाव, आणि ते झाड म्हणजे आपल्या पांगाऱ्याचं सख्खं भावंड, तशीच लाल फुलं. लाकूड मऊ, कोरायला सोपं आणि किडीला आवडणारं. तुमच्या बाहुलीचं लाकूड तेच आहे की नाही हे हातात घेतल्याशिवाय कळणार नाही, पण ती आकाराच्या मानाने फारच हलकी लागली तर शक्यता आहे. आधी कीड जिवंत आहे का ते बघा. काळ्या कागदावर बाहुली आठवडाभर ठेवा. ताजा फिकट भुसा जमला तर कीड चालू आहे. रंग खपल्या निघून सुटत नसेल तर बाहुली मऊ सुती कापडात, मग हवाबंद प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, पूर्ण एक दिवस तशीच राहू द्या, नाहीतर थंड लाकडावर दव धरतं आणि रंग सुटतो. रंग आधीच सुटत असेल तर फ्रीजर नको, संग्रहालयात काम केलेल्या जतनतज्ज्ञाला दाखवा. डांबराच्या गोळ्यांनी लाकडाच्या आतली कीड मरत नाही. रॉकेल तर मुळीच नको.

आणि कृपा करून रंगवू नका, पॉलिश नको, तेल नको. पुएब्लात घेतलेल्या माझ्या पहिल्या मुखवट्याला मी मोठ्या प्रेमाने जवसाचं तेल चोळलं होतं. दोन पावसाळ्यांत तो काळा आणि चिकट झाला, गालावरची नक्षी कायमची गेली. ती कुणीतरी बारीक कुंचल्याने काढली होती आणि ती मी पुसली, याचं मला आजही वाईट वाटतं. तुम्ही फक्त मऊ कोरड्या कुंचल्याने धूळ झटका. झगा धुऊ नका, त्याचा लाल रंग पाण्यात उतरेल. झग्याच्या आतली शिवण, ठिगळं, मळ हेही सगळं मानेच्या भोकाइतकंच बोलतं. गेलेला हात नवा करून लावू नका.

किमतीचं मी सांगत नाही, कारण ती वस्तूपेक्षा तिच्या कागदपत्रांवर ठरते. तुमच्याकडचा सर्वांत मोलाचा कागद म्हणजे ती चिठ्ठी. बाहुलीला चिकटवू नका, टाचणी लावू नका, वेगळ्या पाकिटात पण बाहुलीच्याच डब्यात ठेवा. वडिलांच्या जहाजाच्या नोंदवहीत वेराक्रुसला लागल्याची तारीख असेल तर तीही लिहून ठेवा. आईंना विचारा, त्यांनी बंदरात घेतली की डोंगरात जाऊन. ‘डोंगरातली’ हा शब्द वडिलांनी उगाच लिहिला नसावा. बंदरापासून तो मुलूख लांब आहे, आणि ते स्वतः वर गेले असतील तर कुठल्याशा गावाचं नाव घरात कुणाला तरी नक्की आठवत असेल.

मानेच्या आतला फोटो टाकलात की पुढचं लिहितो.