बोधनिक मानसशास्त्र खरंच १९५६ साली जन्मलं का?

तुमचे प्रश्न दोन आहेत. पाठ्यपुस्तकात बोधनिक मानसशास्त्राबद्दल, म्हणजे स्मृती, अवधान, विचार अशा मनातल्या प्रक्रियांचा अभ्यास करणाऱ्या शाखेबद्दल, दिलंय की वर्तनवाद, म्हणजे फक्त बाहेर दिसणारं वागणं अभ्यासायचं हा पंथ, अपुरा पडला, संगणक आला, १९५६ साली क्रांती झाली आणि १९६७ साली उल्रिक नायसरने या शाखेला नाव दिलं. हे इतकं सरळ आहे का? आणि सेमिनारमध्ये वर्गासमोर करून दाखवता येईल असा एखादा प्रयोग आहे का? हा विषय मी बरीच वर्षं एम.ए.च्या मुलांना शिकवतो आहे आणि मला तो मनापासून आवडतो, म्हणून सविस्तर लिहितो.

पुस्तकातल्या तारखा बरोबर आहेत. पण त्या ओळीने वाचल्या की संगणक नसता तर ही शाखा निघालीच नसती, असं वाटायला लागतं. मला ते पटत नाही. मनात काय चाललंय ते दिसत नाही, पण त्याला किती वेळ लागतो आणि ते कुठे चुकतं हे बाहेरून मोजता येतं. वेळ आणि चुका यांवरून आतली घडण ताडायची, हा या शाखेचा खरा पाया. आणि तो संगणकाच्या कितीतरी आधी घातला गेला होता.

नेदरलँड्समधल्या उट्रेख्त शहरात फ्रान्सिस्कस डॉन्डर्स नावाचा नेत्रतज्ज्ञ होता. त्याच्या प्रयोगांआधी, १८५० साली, हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने बेडकाच्या नसेतून संदेश किती वेगाने जातो हे मोजून दाखवलं होतं: सेकंदाला साधारण तीस मीटर. तोवर हा वेग मोजण्यापलीकडचा आहे असं मोठमोठे शरीरशास्त्रज्ञही मानत होते. डॉन्डर्सने पुढचा प्रश्न विचारला. नसेतून जायला वेळ लागतो, मग निवड करायलाही वेळ लागत असणार, तो किती? त्याने माणसाच्या पायाला विजेचा हलका झटका दिला. ज्या बाजूला झटका बसेल त्याच बाजूचा हात हलवायचा. एकदा झटका कोणत्या पायाला बसणार हे आधी सांगितलं, एकदा नाही सांगितलं. दुसऱ्या वेळी सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग जास्त लागला. डॉन्डर्स म्हणाला, ही वजाबाकी म्हणजे ओळखायला आणि ठरवायला लागलेला वेळ. १८६८ साली त्याने हे प्रसिद्ध केलं. मनातल्या एका क्रियेला बाहेरच्या घड्याळाने लावलेलं हे माप मला आजही थक्क करतं.

या पद्धतीत एक कच्चा दुवा होता. नवी पायरी मध्ये घातली तरी बाकीच्या पायऱ्या जशाच्या तशा राहतात, हे डॉन्डर्सने गृहीत धरलं होतं. जर्मन मानसशास्त्रज्ञ ओस्वाल्ड क्युल्प आणि इतरांनी नेमकं इथेच बोट ठेवलं: काम बदललं की माणसाची सगळी तयारीच बदलते, मग वजाबाकी कशातून कशाची? आक्षेप बिनतोड होता आणि पद्धत मागे पडली. हा आक्षेप लक्षात ठेवा, शेवटी प्रयोगात तो लागणार आहे.

१८७९ साली वुंटने लाइपझिगमध्ये मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली, १८८५ साली एबिंगहाउसने स्वतःवरच निरर्थक शब्दावयव पाठ करण्याचे प्रयोग करून विसरण्याचा आलेख मांडला. हे तुमच्या पुस्तकात असणारच. एबिंगहाउसबद्दल एवढंच लक्षात घ्या की ‘मला किती आठवतंय असं वाटतं’ हे त्याने विचारलं नाही. तीच यादी पुन्हा पाठ करायला किती कमी वेळ लागतो, हे त्याने मोजलं. म्हणजे पुन्हा बाहेरचं माप.

अडचण आली ती आत्मनिरीक्षणाच्या, म्हणजे स्वतःच्या मनात काय चाललंय ते पाहून सांगण्याच्या, गटात. व्युर्त्सबुर्गमध्ये क्युल्पच्या विद्यार्थ्यांना विचार करताना मनात कोणतीही प्रतिमा नसल्याचे अनुभव आले. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात टिचनर म्हणाला की प्रतिमा असते, यांना नीट पाहता येत नाही. आता निवाडा कोणी करायचा? दोघेही आपापल्या मनात डोकावून बोलत होते आणि तिसऱ्याला ते तपासायची सोयच नव्हती. १९१३ साली वर्तनवाद सुरू करणाऱ्या वॉटसनने जे सगळं झटकून टाकलं, त्याचं कारण या कोंडीत आहे.

म्हणून वर्तनवादाला खलनायक ठरवणारी मांडणी मला अन्यायाची वाटते. पुरावा सगळ्यांना तपासता आला पाहिजे ही शिस्त त्यानेच लावली, आणि बोधनिक मानसशास्त्राने ती कधी सोडली नाही. शिवाय मनात ‘नकाशा’ असतो हे प्रयोगाने दाखवणारा एडवर्ड टोलमन स्वतःला वर्तनवादीच म्हणवत होता. टोलमन आणि होन्झिक यांचा १९३० सालचा प्रयोग सेमिनारमध्ये नक्की सांगा. उंदरांचे तीन गट. एका गटाला भूलभुलय्याच्या शेवटी रोज खाऊ, दुसऱ्याला कधीच नाही, तिसऱ्याला पहिले दहा दिवस काही नाही आणि अकराव्या दिवसापासून खाऊ. तिसरा गट दहा दिवस नुसता भटकत होता. चुका फारशा कमी होत नव्हत्या. खाऊ मिळाला आणि दुसऱ्याच दिवशी त्याच्या चुका एकदम घसरून पहिल्या गटाच्या पातळीला आल्या. म्हणजे बक्षीस नसतानाही उंदीर रस्ते शिकत होते, फक्त ते दाखवायची गरज पडली नव्हती. शिकणं वेगळं आणि शिकलेलं वागण्यात उतरणं वेगळं. उद्दीपक (बाहेरून मिळणारी चेतना) आणि प्रतिसाद यांच्यामध्ये काहीतरी साठतंय हे मानल्याशिवाय या आकड्यांचा अर्थ लागत नाही.

वर्तनवादाचं साम्राज्य मुख्यतः अमेरिकेत होतं, हेही पुस्तकं पुरेसं सांगत नाहीत. केंब्रिजमध्ये बार्टलेट १९३२ साली दाखवत होता की माणूस गोष्ट आठवताना ती आपल्या ओळखीच्या साच्यात बसवून नव्याने रचतो. जिनिव्हात पियाजे मुलांच्या विचारांचा अभ्यास करत होता, रशियात व्हिगोत्स्की आणि लुरिया होते. यांच्यापुढे मनाला ‘परत आणण्याचा’ प्रश्नच नव्हता.

मग दुसरं महायुद्ध आलं. माझ्या मते १९५६ पेक्षा हा काळ जास्त महत्त्वाचा आहे, कारण इथे प्रश्न तत्त्वज्ञानाचे राहिले नाहीत, माणसं मरत होती. १९४४ साली केंब्रिजमध्ये उपयोजित मानसशास्त्राचं केंद्र सुरू झालं आणि केनेथ क्रेक त्याचा पहिला संचालक झाला. त्याने १९४३ सालीच मांडलं होतं की मन जगाची एक छोटी प्रतिकृती आत बाळगतं आणि पुढे काय होईल ते तिच्यावर आधी चालवून बघतं. युरोपातलं युद्ध संपलं त्याच आठवड्यात सायकलच्या अपघातात तो गेला. वय अवघं ३१. त्याला आणखी वीस वर्षं मिळाली असती तर या शाखेचा इतिहास वेगळा लिहावा लागला असता, असं मला नेहमी वाटतं.

त्याच केंद्रात नॉर्मन मॅकवर्थपुढे प्रश्न होता की रडारवर पाणबुड्या शोधणारे चांगले प्रशिक्षित जवान काही वेळाने समोर दिसणारा ठिपका का सोडून देतात. त्याने एक घड्याळ बनवलं. काटा एकेक टप्पा पुढे सरकायचा, क्वचित दोन टप्प्यांची उडी मारायचा. ती उडी पकडायची, सलग दोन तास. पहिल्या अर्ध्या तासातच चुका वाढलेल्या दिसल्या. डोळे तेच, उद्दीपक तेच, मग काय बदललं? अवधान, म्हणजे लक्ष. जो शब्द वर्तनवाद्यांनी बाद केला होता तो कामाच्या गरजेपोटी परत आला. पुढे १९५३ साली कॉलिन चेरीने दोन कानांत दोन वेगळे संदेश ऐकवले आणि एकच मोठ्याने म्हणत जायला सांगितलं. दुसऱ्या कानातला पुरुषाचा आवाज बाईचा झाला हे लोकांना कळलं, पण मध्येच भाषा बदलली हे कळलं नाही. यावरून १९५८ साली डोनाल्ड ब्रॉडबेंटने अवधानाची चाळणी मांडली: एक संदेश पुढे जातो, बाकीचे गाळले जातात. चाळणीबद्दल पुढे बरेच वाद झाले. आपलं नाव दुसऱ्या कानातही कधीकधी ऐकू येतं, हे मोरेने लगेच १९५९ साली दाखवलं.

आता १९५६. ११ सप्टेंबरला अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या परिसंवादात न्यूएल आणि सायमन यांनी तर्कशास्त्राची प्रमेयं सिद्ध करणारा संगणक-प्रोग्रॅम मांडला, भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कीने भाषेच्या व्याकरणावर निबंध वाचला आणि मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर अल्पकालीन स्मृतीवर बोलला. मिलर स्वतः या दिवसाला बोधविज्ञानाचा, म्हणजे मनाचा अभ्यास करणाऱ्या वेगवेगळ्या शास्त्रांच्या एकत्र येण्याचा, जन्मदिवस मानत असे. संगणकाने दिलेली गोष्ट मोठी होतीच. ‘आत काही टप्प्यांनी प्रक्रिया चालते’ असं म्हणणं आता भोंगळ राहिलं नाही, कारण तसं चालणारं यंत्र समोर होतं. पण पुरावा मिळाला तो जुन्याच वाटेने.

मिलरच्या ‘सात अधिक-उणे दोन’बद्दल, म्हणजे एका वेळी साधारण सातच गोष्टी लक्षात राहतात या आकड्याबद्दल, एक सांगतो, कारण परीक्षेत तेवढाच आकडा लिहून मुलं मोकळी होतात. त्याचा मुद्दा सातचा नव्हता, गठ्ठ्यांचा होता. आपण दहा आकडी मोबाइल नंबर ‘अठ्ठ्याण्णव, बावीस’ असा जोड्यांनी सांगतो तेव्हा दहा आकडे पाच गठ्ठ्यांत बसतात. जागा तेवढीच, माल जास्त. गठ्ठा कसा बांधायचा हे आधीच्या ज्ञानावर अवलंबून असतं, म्हणजे साधं पाठांतरही मनाच्या घडणीशिवाय समजत नाही.

माझा सगळ्यात आवडता प्रयोग जॉर्ज स्पर्लिंगचा, १९६०. तीन ओळींत बारा अक्षरं, सेकंदाचा विसावा भाग दाखवायची. लोक चार-पाच सांगायचे आणि म्हणायचे, ‘पाहिली जास्त, पण सांगेपर्यंत गेली.’ हे शुद्ध आत्मनिरीक्षण झालं. इथेच टिचनर आणि क्युल्प भांडत बसले होते. स्पर्लिंगने अक्षरं नाहीशी झाल्याक्षणी एक सूर वाजवला: उंच सूर वाजला तर वरची ओळ सांगा, मधला तर मधली, खालचा तर खालची. कोणतीही ओळ विचारली तरी चारपैकी साधारण तीन अक्षरं आली. कोणती ओळ विचारणार हे आधी ठाऊक नव्हतं, म्हणजे त्या क्षणी नऊएक अक्षरं मनात होती. सूर सेकंदभर उशिरा वाजवला तर हा फायदा नाहीसा. माणसाचं स्वतःच्या मनाबद्दलचं सांगणं खरं होतं आणि ते तिऱ्हाइताला तपासता आलं. पन्नास वर्षांची कोंडी फोडायचा मार्ग सापडला तो असा.

डॉन्डर्सचंही पुनर्वसन झालं. सॉल स्टर्नबर्गने १९६६ साली दाखवलं की लक्षात ठेवलेल्या यादीत एक आकडा वाढला की ‘हा आकडा यादीत होता का’ याचं उत्तर द्यायला सुमारे ३८ मिलिसेकंद जास्त लागतात. पायरी वाढवायची नाही, त्याच पायरीचं काम वाढवायचं. क्युल्पच्या आक्षेपातून सुटायची ही वाट होती. तिचं पूर्ण विवेचन त्याने १९६८ साली आइंडहोवनमध्ये डॉन्डर्सच्या शताब्दी परिसंवादात मांडलं. ३८ मिलिसेकंदांचा अर्थ काय लावायचा यावर नंतर खूप वाद झाले, पण रीत टिकली.

नायसरने १९६७ साली हे सगळं एका पुस्तकात बांधलं आणि शाखेला ओळख दिली. ते श्रेय त्याचंच. पण त्याच शीर्षकाचं पुस्तक थॉमस व्हर्नर मूरने १९३९ सालीच लिहिलं होतं. आणि १९७६ साली नायसरनेच या शाखेवर टीका केली की प्रयोगशाळेतल्या क्षुल्लक कामांत अडकून आपण रोजच्या जगण्यातलं मन विसरतोय. ‘जनक’ लिहिताना हेही लिहा.

आता वर्गातला प्रयोग. पत्त्यांचा एक जोड, बावन्न पानं, आणि मोबाइलचं स्टॉपवॉच. आधी पानं न बघता आलटून पालटून दोन ढिगांत टाका. मग लाल आणि काळी अशी वेगळी करा. मग न बघता क्रमाने चार ढिगांत टाका, आणि शेवटी इस्पिक, बदाम, चौकट, किलवर असे चार ढीग करा. प्रत्येक वेळी पिसून घ्या, सरावाची पहिली फेरी धरू नका, आणि कामांचा क्रम मुलागणिक बदला. दोन ढिगांच्या वेळा एकमेकींतून आणि चार ढिगांच्या वेळा एकमेकींतून वजा करून ५२ ने भागा. एका पानामागे निवडीला किती वेळ लागला ते मिळेल. मग निवडीच्या दोन्ही फेऱ्या दोन प्रकारे करा: एकदा जोड हातात सुलटा धरून, एकदा उपडा धरून पान उलटत. उपड्या जोडाची वजाबाकी करायची असेल तर न बघता टाकायच्या फेऱ्याही पान उलटतच करा. सुलट्या जोडात हात आधीचं पान ठेवत असताना डोळे पुढचं पान वाचून मोकळे होतात, त्यामुळे फरक बहुधा कमी येईल. हा फरक फळ्यावर लिहा आणि वर्गाला विचारा, क्युल्पचा आक्षेप यातल्या कोणत्या फेरीला जास्त लागू पडतो.