पळायचं पण आणि आठवायचं पण : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सर, आमच्याकडे नऊ ते अकरा वयाची वीसेक मुलं येतात. रेस लावली की तीच दोन-तीन पोरं जिंकतात आणि बाकीची आधीच हातपाय गाळतात. बसून मेमरी गेम घेतला तर दहा मिनिटांत ढकलाढकली सुरू. दोन्ही एकत्र असेल असा टीमचा खेळ सांगा ना, सामान फार नको.

उत्तर : सामान म्हणजे पत्त्यांचा एक कॅट आणि खडू, बास. पालथ्या पत्त्यांतून जोड्या शोधायचा खेळ सगळ्यांनाच माहितीये, तोच मैदानात टाकायचा. पाच-पाच जणांच्या चार टीम करा. दहाच्या दोन करू नका, दहाच्या लाइनमध्ये नंबर येईपर्यंत पोरगं भलतीकडेच बघत असतं. राजे बाजूला काढा, एक्का ते सहा लाल पत्ते एका टीमला, तेच काळे दुसऱ्या टीमला, सात ते राणी तसेच उरलेल्या दोन टीमना. झाल्या प्रत्येकाच्या बरोब्बर सहा जोड्या. लाइनपासून दहा-बारा मीटरवर खडूने चौकोन आखून तीन ओळींत चार-चार पत्ते पालथे लावायचे.

पहिला पळत जातो, दोन पत्ते उलटतो, जुळले तर घेऊन येतो, नाही जुळले तर आपापल्या चौकोनात पालथे घालून परत येतो आणि पुढच्याला टाळी देतो की तो सुटला. सगळ्या जोड्या आधी गोळा करेल ती टीम जिंकली.

आता तुमच्या त्या दोन-तीन पळणाऱ्यांचं. लक्षात काहीच न ठेवता नुसते अंदाजाने पत्ते उलटत राहिलं तर सहा जोड्यांना सरासरी ३६ फेऱ्या लागतात, आणि एकही पत्ता न विसरणाऱ्या टीमला नऊ-दहा. एवढा फरक कुठलाच पळणारा पायाने भरून काढू शकत नाही. दहा जोड्या लावल्या तर हेच आकडे १०० आणि सोळाच्या आसपास जातात. उलट तीनच जोड्या ठेवल्या तर अंदाजाने पण सरासरी नऊ फेऱ्यांत काम होतं, मग नशीब आणि पाय एवढंच उरतं. त्यामुळे जोड्या कमी करायचा मोह आवरा.

खरी मजा सांगण्यात आहे. लांबून लाइनमधल्यांना पत्ते दिसत नाहीत, जो गेला त्यालाच माहीत. पहिल्या डावात काय होतं, पोरगं धापा टाकत येतं, हात हलवून म्हणतं "अठ्ठी तिकडे होती तिकडे" आणि पुढचा तिकडे जाऊन भलताच पत्ता उलटतो. पहिला डाव असाच जाऊ द्या, मध्ये बोलू नका. मग सगळ्या टीमना दोन मिनिटं द्या आणि जागांना नावं ठेवायला सांगा. वरची-खालची ओळ म्हटलं की भांडणं होतात (कुणाच्या बाजूने वरची?), जवळची, मधली, लांबची हे बरं पडतं. "लांबची ओळ, डावीकडून दुसरा, अठ्ठी" असं बोलायला लागले की खेळ बदलतो, आणि बऱ्याचदा ज्याला रेसमध्ये कुणी घेत नाही तोच सगळ्यांना जागा सांगत असतो.

पत्ता दुसऱ्याच चौकोनात टाकून पळालं तर त्यालाच परत पाठवा. वारा असेल तर प्रत्येक पत्त्यावर खडा. आणि पत्त्यांच्या मागे चार-पाच मीटर मोकळं हवं, भिंतीला लागून अजिबात लावू नका, पोरं वेगात येतात आणि लक्ष पत्त्यांवर असतं.

प्रश्न : माझी मुलं पाच-सहा वर्षांची आहेत, त्यांना हे जमेल का?

उत्तर : जोड्यांचं नाही जमणार, पत्ता परत पालथा घालायचा हेच विसरतात. त्यांच्यासाठी उलटं करा. तुम्ही सांगा "बॉल, चमचा, टोपी", दोघांच्या जोडीने पळत जायचं आणि ढिगातून तेवढंच, त्याच क्रमाने आणायचं. सुरुवात दोन वस्तूंपासून. या वयात एका वेळी चारेक गोष्टी डोक्यात राहतात, पाचवी सांगितली की आधीच्या पण जातात, मग चेहरे पडतात. ओळखायला नुसते रंग ठेवू नका, काही मुलांना लाल-हिरव्यातला फरक कळत नाही आणि त्यांना स्वतःला पण ते माहीत नसतं. आणि हारजीत नकोच.

प्रश्न : तेरा-चौदाची मुलं असले खेळ "बालिश" म्हणून बसून राहतात. शिवाय पालक विचारतात याने अभ्यासातली मेमरी वाढते का?

उत्तर : मोठ्यांना चित्राची रिले द्या. आडोशाला एक चित्र लावा ज्यात मोजता येतील असे पंधरा-वीस तपशील असतील, तीन खिडक्यांचं घर, एक खिडकी अर्धी उघडी, झाडावर पाच फळं, सायकलचं एकच चाक असं काहीतरी. एकाने पळत जायचं, मनात पाच आकडे मोजेपर्यंत बघायचं, परत येऊन टीमच्या कागदावर आठवेल तेवढं काढायचं, मग पुढचा. बोलायला बंदी. बरोबर तपशिलाला एक मार्क, चुकीच्याला वजा एक, नाहीतर घाईत काहीही खरडतात. आणि डाव अर्ध्यावर आला की गुपचूप एक फळ कमी केलेलं चित्र तिथे लावा. आधीच्याने पाच काढलीयेत, हा चार बघून आलाय, बोलता येत नाही, त्यानंतर बालिश वगैरे कुणी म्हणत नाही.

पालकांना खरं ते सांगा. असे खेळ खेळून मुलं त्या खेळात तयार होतात, इतिहासाच्या सनावळ्या त्यामुळे पाठ होतील असं नाही. पण ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, त्यातली काही मिनिटं इथे निघतात आणि मुलं स्वतःहून "अजून एक डाव" म्हणतात, एवढं पुरे की.

प्रश्न : आमच्यात एकाला दम्याचा त्रास आहे, त्याला काय देऊ? स्कोअर लिहायला बसवतो सध्या.

उत्तर : बसवू नका हो. आधी घरच्यांना विचारा डॉक्टरांनी किती पळायला सांगितलंय, पंप त्याच्या बॅगेत राहू देऊ नका, मैदानावर तुमच्या हाताशी ठेवा, आणि सुरू करण्याआधी पाच-सात मिनिटं हळूहळू अंग गरम करून घ्या. मग त्याच्या टीमचे पत्ते सहा मीटरवर लावा आणि सांगून टाका की या टीमला अंतर कमी पण जोड्या आठ. दुसऱ्या कॅटमधून चार पत्ते घेतले की झालं. त्याची फेरी चालत झाली तरी हरकत नाही, वरच्या हिशोबाने एक आठवलेला पत्ता काही फेऱ्या वाचवतो, बाकीच्यांना ते आपोआप कळतं.