‘शेवटी सगळं मलाच करावं लागतं’

“टीम आहे हो मॅडम, पण शेवटी सगळं मलाच करावं लागतं.” समुपदेशनाच्या कामात पुण्याच्या हिंजवडी-खराडीतल्या आयटी कंपन्यांतून येणाऱ्या टीम लीड मंडळींकडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की पुढचं सगळं पाठ झालंय. झोप नाही, पित्त, घरी चिडचिड. त्यांतल्याच एकाची ही हकिगत, ओळख पटू नये इतके तपशील बदलून.

वय ३४. मोबाइल त्यानं टेबलावर उपडा ठेवला होता, तरी तो सारखा थरथरत होता. सॉफ्टवेअरचं रिलीज, म्हणजे ते क्लायंटच्या हाती देणं, दोनदा पुढे गेलं होतं. सात जणांच्या टीमला वरून आणखी दोन माणसं मिळाली, तर काम जास्तच रखडलं. “मीच कुठेतरी कमी पडतोय,” तो म्हणाला.

मी कोरा कागद पुढे सरकवला. “टीम काढा. जे एकमेकांशी कामाचं बोलतात, त्यांच्यात रेघ मारा.”

त्यानं मधोमध स्वतःला काढलं, भोवती आठ गोल. आठही रेघा त्याच्यापाशी येऊन थांबल्या. त्या आठांमध्ये आपापसात एकही रेघ नव्हती.

फ्रेड ब्रुक्स यांनी १९६०च्या दशकात आयबीएममध्ये एक अवाढव्य सॉफ्टवेअर प्रकल्प सांभाळला आणि १९७५मध्ये लिहून ठेवलं, की लांबलेल्या प्रकल्पावर माणसं वाढवली तर तो आणखी लांबतो. नव्यांना शिकवण्यात जुन्यांचा वेळ जातो आणि बोलण्याच्या वाटाही वाढतात. सात जणांत २१ जोड्या होतात, नऊ जणांत ३६. मी हे सांगितल्यावर त्याचा चेहरा जरा सैलावला. दोष एकट्याचा नाही, हे आधी कळावं लागतं. त्याशिवाय माणूस स्वतःचा वाटा बघायला धजत नाही.

तो वाटा चौथ्या भेटीत दिसला. टीममधली एक नवी मुलगी एका बगवर, म्हणजे प्रोग्रॅममधल्या चुकीवर, चार दिवस अडकली होती आणि स्टँड-अपमध्ये, म्हणजे रोजच्या छोट्या उभ्या बैठकीत, “होतंय” एवढंच म्हणत होती.

“ती गप्प का राहिली असेल?”

“भीती वाटली असेल. पण मी कधी आवाज चढवत नाही, मॅडम.”

“याआधी ‘अडलंय’ म्हणाली होती, तेव्हा काय झालं होतं?”

तो बराच वेळ बोलला नाही. टोपण काढायचं, लावायचं, असं पेनाशी चाललं होतं. मी मध्ये बोलले नाही. इतक्या वर्षांत ही एक गोष्ट मी नक्की शिकलेय, की अशा वेळी आपण तोंड उघडायचं नाही.

“मी तिचा लॅपटॉप ओढून घेतला होता,” तो हळूच म्हणाला. “रात्री बसून मीच कोड लिहिला. मला वाटलं, मदत केली.”

मी अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या विचारांनी काम करते. ‘असंच झालं पाहिजे’ हा हट्ट माणसाला छळतो, असं ते सांगत. माझं लक्ष वाक्यातल्या ‘च’कडे जातं. ‘माझ्या टीमची चूक होताच कामा नये, झाली तर मी नालायकच’ असं मनात पक्कं बसलं, की दुसऱ्याच्या हातातलं काम बघवत नाही. मग आपण ते काढून घेतो. पुढच्या वेळी समोरचा अडचण लपवतो, ती शेवटच्या आठवड्यात फुटते आणि ‘मलाच करावं लागतं’ हे खरं ठरतं.

तुमचंही असंच असेल तर कामाला किती दिवस लागतील, हे ते करणाऱ्यालाच विचारा. मनानं ‘दोन दिवस’ लिहून मोकळे होऊ नका. कोणी अडलंय म्हटलं तर आधी “सांगितलंस ते बरं केलंस” म्हणा, मग “कोणाची मदत हवी?” विचारा. नव्याला जुन्या माणसाशेजारी बसवा आणि त्याला लागणारा वेळ वेळापत्रकात धरा. तारीखच अशक्य असेल तर क्लायंटला आणि वरिष्ठांना आजच सांगा, कुठलं काम किती दिवसांचं आहे ते मांडून. यानं मन वाचतं तितकाच प्रकल्पही. आणि झोप कित्येक आठवडे उडाली असेल तर डॉक्टरांनाही दाखवा.

सातव्या भेटीला तो आला तेव्हा मोबाइल बॅगेत होता. त्या सकाळी स्टँड-अपमध्ये ती मुलगी, काम अडल्याच्या दुसऱ्याच दिवशी, “अडलंय” म्हणाली होती. शेजारच्या सहकाऱ्यानं “जेवणानंतर बसू” म्हणून सांगितलं.

“आणि तुम्ही?”

“मी दोन्ही हात खिशात घालून उभा होतो.”