आई दाताच्या डॉक्टरला फार घाबरते. बेळगावात झोपवून दाढ काढून मिळते का?

तुम्ही लिहिलंय की आई ५८ वर्षांची, बीपीची गोळी चालू, खालची दाढ किडलेली. वीस वर्षांपूर्वी एक दाढ काढताना 'जीव गेला होता', तेव्हापासून दवाखान्याची पायरी चढत नाही. गॅस, गोळी की पूर्ण भूल, आणि खर्च किती, असा प्रश्न आहे.

झोपवून काढता येते. पण आधी आईला विचारा, वीस वर्षांपूर्वी नक्की काय झालं होतं? सुई टोचताना दुखलं, की दाढ ओढताना दुखलं? या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. 'झोपवूनच काढा की डॉक्टर' म्हणत येणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांना मागच्या वेळी भूल नीट चढलेलीच नसते, असं माझं स्पष्ट मत आहे. अशा माणसाला गुंगी दिली आणि दाढ बधिर केलीच नाही, तर तो गुंगीतही ओरडतो, हातपाय झाडतो. गुंगीच्या औषधाने भीती जाते, दुखणं जात नाही. हिरडीतलं इंजेक्शन त्यातही द्यावंच लागतं.

खानापूर भागातल्या एका बाईंचं सांगतो. वय पन्नाशीचं, मिश्री लावायची सवय, खालची शेवटून दुसरी दाढ. तीन महिने लवंग आणि दुकानातली दुखण्याची गोळी यांवर काढलेले. आल्या तेव्हा जबड्याखाली सूज, तोंड जेमतेम दीड बोट उघडत होतं. 'मला सुई लागूच होत नाही, आणि भ्याच वाटतंय', हे पहिलं वाक्य. मुलगा म्हणाला, गॅस देऊन आत्ताच काढून टाका.

त्या दिवशी गॅस दिला नाही आणि दाढही काढली नाही. तोंड उघडत नाही, जिभेखाली सूज आहे, गिळायला त्रास आहे अशा रुग्णाला खुर्चीवर गुंगी देणं म्हणजे आधीच अरुंद झालेल्या श्वासाच्या वाटेचे स्नायू आणखी सैल सोडून देणं. तिथे काही बिघडलं तर नळी घालायलाही तोंड उघडत नाही. अशी केस भूलतज्ज्ञ आणि ऑपरेशन थिएटर असलेल्या हॉस्पिटलातच जायला हवी. या बाईंना गिळता येत होतं, ताप नव्हता, जिभेखालची जागा मऊ होती. म्हणून पू काढून दिला, अँटिबायोटिक सुरू केलं आणि तोंड उघडल्यावर पुन्हा बोलावलं.

सुई लागू होत नाही यालाही कारण असतं. लिग्नोकेन म्हणजे हिरडीतल्या इंजेक्शनातलं बधिर करणारं औषध. त्याचा जो भाग विद्युतभाररहित असतो तोच नसेच्या आवरणातून आत शिरतो. निरोगी ऊतीत हा भाग साधारण पाव असतो. पू झालेल्या जागी आम्लता वाढते आणि तो पाव हिस्साही घटतो. त्यातून खालच्या दाढेची नस जाड हाडाच्या आत असल्याने वरच्या दातासारखं नुसतं बाजूला टोचून भागत नाही. शिवाय ओठ जड झाला म्हणजे दाढ बधिर झाली असं अजिबात नाही. ओठ ३ ते ५ मिनिटांत जड होतो, दाढेच्या आतली नस गप्प व्हायला १० ते १५ मिनिटं लागतात. बाईंना विचारल्यावर कळलं की मागच्या वेळी ओठ जड झाल्याबरोबर पक्कड लावली होती. दुसरं म्हणजे इंजेक्शननंतर छाती धडधडली, हात थरथरले, आणि कुणीतरी 'तुम्हाला भुलेची ॲलर्जी आहे' असं सांगून टाकलं होतं. ती भुलेच्या इंजेक्शनात मिसळलेल्या ॲड्रेनालिनची धडधड. औषध शिरेत गेलं किंवा भराभर ढकललं की होते, काही मिनिटांत आपोआप थांबते.

पुढच्या खेपेला हिरडी कापसाने कोरडी करून वर जेल लावलं, दोन मिनिटं थांबलो. ओल्या हिरडीवर जेल नुसतं थुंकीबरोबर वाहून जातं. नाकावर गॅसचा मास्क. मग २ टक्के लिग्नोकेन, १:८०००० ॲड्रेनालिनसह, १.८ मिलीचं एक कार्ट्रिज (औषधाची तयार नळी), आधी दट्ट्या मागे ओढून रक्त येत नाही ना हे बघून, मिनिटाला १ मिली या वेगाने. पंधरा मिनिटं घड्याळ लावून थांबलो. थंड कापसाने तपासलं, अजून कळ येत होती. अर्धं कार्ट्रिज आणखी, आणि दाढ व हाड यांच्या फटीत ०.२ मिली. डावा हात वर केला की काम थांबेल, असं ठरलेलं. हात एकदाच वर आला, तोही पाणी मागायला.

गॅस म्हणजे नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजन. सुरुवात निव्वळ ऑक्सिजनने करायची, मग नायट्रस १०-१० टक्क्यांनी वाढवायचं. बहुतेकांना ३० ते ५० टक्क्यांत पुरतं; त्या बाईंना ४० पुरलं. चांगल्या मशिनमध्ये ऑक्सिजन ३० टक्क्यांच्या खाली जाऊच शकत नाही. घाम फुटला, मळमळलं की गॅस जास्त झाला, खाली आणायचा. शेवटी पाच मिनिटं पुन्हा निव्वळ ऑक्सिजन. नाक चोंदलं असेल किंवा रुग्ण सारखा बोलत असेल तर गॅसचा उपयोग शून्य.

गोळीबद्दल माझं मत वाईट आहे. अल्प्राझोलाम, डायझेपाम पोटात गेलं की कमीजास्त करता येत नाही. कुणाला काहीच होत नाही, कुणी दुसऱ्या दिवशीपर्यंत पेंगतो. साठीच्या आसपास डायझेपाम तर फार रेंगाळतं. या गोळ्या चिठ्ठीशिवाय द्यायच्या नसतात. शेजारणीच्या डब्यातली आईला देऊ नका.

शिरेतून मिडाझोलाम हे गुंगीचं औषध हा चांगला पर्याय, अट एकच: दाढ काढणारा आणि श्वासावर लक्ष ठेवणारा हे दोन वेगळे लोक हवेत. औषध एकेक मिलिग्रॅम, मध्ये दोन मिनिटं थांबत, वयस्कर माणसाला त्याच्या निम्मं. जीभ जड झाली, पापण्या मिटायला लागल्या की थांबायचं. बोटाला ऑक्सिमीटर लावलाय म्हणून निश्चिंत राहणारे लोक मला भेटतात. बाहेरून ऑक्सिजन चालू असताना श्वास मंदावला तरी तो आकडा बराच वेळ छान दिसत राहतो. छाती हलतेय का हे कुणीतरी बघत बसलंच पाहिजे.

पूर्ण भूल एका दाढेसाठी मी सुचवणार नाही. लहान मुलाचे आठ-दहा दात एकदम करायचे असतील, किंवा रुग्णाला सूचनाच कळत नसतील, तेव्हा ती योग्य.

आता एक जुना वाद. आमच्याच धंद्यातले एक गृहस्थ नेहमी म्हणतात, 'खेड्यातली माणसं सोसतात, गॅसबिस शहरी थेरं.' सोसतात, कबूल. त्या बाईंनीही तीन महिने सोसलं आणि सूज घेऊन आल्या. भीतीमुळे उशीर, उशिरामुळे पू, पुवामुळे भूल लागू होत नाही, म्हणून पुढच्या वेळी आणखी भीती. आणि नेमकी गुंगी हवी त्या दिवशी ती देणं धोक्याचं झालेलं असतं. ओरडला नाही म्हणजे दुखलं नाही, हा हिशोब ज्याला पटतो त्याच्याकडे तुमच्या आईला नेऊ नका. गृहस्थ हे वाचतील तर वाचोत.

राहिलेल्या गोष्टी, ज्या खरं तर आधी सांगायला हव्या होत्या. बीपीची गोळी त्या दिवशी सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायचीच. बीपी १८०/११० च्या वर असेल तर दाढ काढणं पुढे ढकला. हृदयाचा त्रास असेल तर सांगा, मग ॲड्रेनालिन ०.०४ मिलिग्रॅमच्या आत ठेवतात, म्हणजे वर सांगितलेल्या औषधाची दोन कार्ट्रिज पूर्ण होत नाहीत. आई मोठ्याने घोरत असेल तर गुंगीआधी आवर्जून सांगा. पूर्ण शाकाहारी असून बी-१२ फार कमी निघालेलं असेल तर गॅस टाळतात. कानाचं किंवा डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तरीही.

आणि उपाशीपोटी. आपल्याकडे सूचनांचा कागद कानडीत किंवा इंग्रजीत मिळतो, घरी मराठीतून कुणीतरी अर्थ लावतं आणि घोळ होतो. नुसतं हिरडीतलं इंजेक्शन असेल तर जेवून या. उपाशी माणूसच खुर्चीत चक्कर येऊन पडतो. शिरेतून गुंगी किंवा पूर्ण भूल असेल तर हलकं खाणं आणि दूध ६ तास, तळकट ८ तास, साधं पाणी २ तास आधी बंद. चहात दूध असतं, म्हणून चहा सहा तासांत मोजा. साखरेची गोळी चालू असेल तर उपाशी राहायच्या दिवशी ती घ्यायची का, हे लेखी विचारून घ्या.

खर्चाचा आकडा देत नाही, दवाखान्यागणिक बदलतो. फोनवर एवढंच विचारा: भूलतज्ज्ञाची फी धरून सांगताय का? केएलईच्या आणि मराठा मंडळच्या डेंटल कॉलेजात दोन्हीकडे चौकशी करून मग ठरवा.

शिरेतून गुंगी घेतली तर परत नेताना आईला स्कूटरवर मागे बसवू नका. पेंगलेला माणूस हात सोडतो. रिक्षा किंवा कार करा, आणि २४ तास गॅसपाशी एकटं सोडू नका. हा स्वयंपाकाचा गॅस.