पुढचे शॉकअप घरच्या घरी बदलता येतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हॅचबॅक गाडी, ८०,००० किलोमीटर झालेत, जुळे सोलापुरात राहता, स्पीडब्रेकरवर पुढून खडखड येते. मेकॅनिकने दोन्ही शॉकअप बदलायला सांगितलेत. मजुरी वाचवून हे काम घरी जमेल का?

जमेल, एक भाग सोडून. तो भाग कुठला ते पुढे सांगतो. मी काही मेकॅनिक नाही. टॉवेलच्या कारखान्यात लूमची देखभाल बघतो, त्यामुळे पाना धरायची सवय आहे, इतकंच. आमच्या गाडीचे पुढचे शॉकअप मी आतापर्यंत दोनदा अंगणात बदललेत.

पण आधी शॉकअप खरंच गेलेत का ते बघा. नुसती खडखड येते म्हणून शॉकअप बदलायला निघालात तर पैसे वाया जायची शक्यता बरीच आहे. हळू चालताना, बारीक खड्ड्यांवर टकटक येत असेल तर पहिला संशय लिंक रॉडवर घ्या, म्हणजे अँटी-रोल बारला शॉकअपशी जोडणाऱ्या छोट्या दांडीवर. गाडी सपाट जागी उभी करून दोन्ही बाजूचे लिंक रॉड काढा आणि गल्लीतल्या गल्लीत हळू एक फेरी मारा. आवाज गेला तर काम तिथेच संपलं, नवे लिंक रॉड आणा. गाडी उभी असताना स्टेअरिंग फिरवल्यावर वरून ‘कट्’ असा आवाज येतो? मग शॉकअपचं वरचं टोक गाडीला जोडणारं रबरी माउंट किंवा त्यातलं बेअरिंग गेलंय. शॉकअप गेल्याची लक्षणं वेगळी असतात. ब्रेक मारला की गाडी नाक खाली घालते, स्पीडब्रेकर ओलांडल्यावर होडीसारखी डुलत राहते, टायर ठिकठिकाणी खड्डे पडल्यासारखा झिजतो. चाकामागे डोकावून बघा. शॉकअपच्या अंगावर थोडा घाम असेल तर चालतं. तेल ओघळून त्यावर धुळीचा काळा चिखल बसला असेल, तर तो बदलायलाच झालाय.

शॉकअप बदलायचेच ठरले तर जोडीनेच बदला. एका बाजूला नवा आणि दुसरीकडे मेलेला असेल तर ब्रेक मारल्यावर गाडी सरळ राहत नाही.

आता जागेचं. पहिल्या वेळी मी जॅक सरळ अंगणातल्या शहाबादी फरशीवर लावला. गाडी चार बोटं वर गेली नसेल, तेवढ्यात फरशी मधोमध तडकली आणि जॅक तिरका झाला. चाक अजून जागेवर होतं म्हणून निभावलं. त्या फरशीखाली भराव नीट नव्हता, पोकळ होतं. तेव्हापासून खाली जाड लाकडी फळी टाकल्याशिवाय मी जॅकला हात लावत नाही. डिक्कीतल्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली तर अजिबात शिरू नका. दोन घोड्या (गाडी उचलल्यावर खाली लावायचे लोखंडी स्टँड) विकत घ्या किंवा कुणाकडून तरी मागून आणा, आणि काढलेलं चाक गाडीखाली आडवं सरकवून ठेवा. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा, चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा. एप्रिल-मेमध्ये करणार असाल तर पहाटे सहाला सुरुवात करा, दहानंतर आपल्याकडे पानासुद्धा हातात धरवत नाही. खाली अंथरायला जुनी चादर असतेच प्रत्येक घरात.

पुढच्या दोन्ही बाजू एकदम उचलून घोड्यांवर ठेवलेल्या बऱ्या, म्हणजे लिंक रॉडवर पीळ राहत नाही. ब्रेकच्या होजची (ब्रेक ऑइलच्या रबरी नळीची) आणि एबीएसच्या वायरची क्लिप शॉकअपवरून सोडवा. होज उघडायचा नाही, फक्त बाजूला घ्यायचा. मग खालचे दोन मोठे बोल्ट, जे शॉकअपला नकलशी, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या लोखंडी भागाशी, जोडतात. ते सैल करण्याआधी बोल्टची आणि शॉकअपची जागा रंगाने खूण करून ठेवा. मी मुलीची नेलपॉलिश वापरली, आणि त्यावरून दोन दिवस ऐकून घेतलं. भोकात बोल्ट किंचित हलू शकतो आणि तेवढ्याने चाकाचा कल बदलतो, म्हणून ही खूण. बऱ्याच गाड्यांत या बोल्टच्या मानेला दाते असतात. तेव्हा बोल्टचं डोकं धरून ठेवायचं आणि नट फिरवायचा. बाहेर ठोकताना नट दोन आटे लावून ठेवा, नाहीतर आटे चेपतात. आपल्या कोरड्या हवेत हे बोल्ट सहसा गंजून बसत नाहीत, वाळलेली काळी माती तेवढी ब्रशने झाडावी लागते. गाडी कोकणातून सेकंडहँड आणली असेल तर मात्र आदल्या रात्रीच गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा.

बोल्ट निघाले की नकल बाहेर कलंडतो. त्याचा भार ब्रेकच्या होजवर येतो, चाक फिरवणारा ॲक्सलही बाहेर ओढला जातो आणि आतला जॉईंट निखळू शकतो. म्हणून आधीच तारेने नकल बांधून घ्या. मग बोनेटखालचे कडेचे वरचे नट. शेवटचा नट काढताना खालून शॉकअप धरायला दुसरा माणूस हवाच.

आता तो एक भाग. शॉकअपच्या वरच्या टोकाला, अगदी मधोमध एक नट असतो. त्याला घरी हात लावायचा नाही. मागच्या चाकांना बऱ्याच गाड्यांत स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा असतो. पुढे दोन्ही एकाच खांबात असतात. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरच्या नावाने ही रचना ओळखली जाते. स्वस्त आणि कमी जागेत बसणारी, म्हणून बहुतेक छोट्या गाड्यांत तीच असते. पण त्यामुळे दाबलेली स्प्रिंग त्या एका नटावर अडकलेली असते. गाडीचं वजन ९०० किलोच्या आसपास धरा, त्यातलं निम्म्याहून जास्त पुढच्या दोन चाकांवर येतं. म्हणजे गाडी नुसती उभी असताना एकेका स्प्रिंगवर २०० किलोच्या पुढे भार असतो. चाक हवेत लोंबकळत असतानाही स्प्रिंग पूर्ण मोकळी झालेली नसते. तो नट तसाच उघडला तर स्प्रिंग आणि माउंट कुठे जाऊन आदळतील ते सांगता येत नाही. स्प्रिंग दाबून धरायला दोन हुकांचे स्वस्त स्प्रिंग कॉम्प्रेसर मिळतात. मी ते एकदा हाताळले आणि परत केले, हुक स्प्रिंगवरून सरकताना दिसला.

त्यामुळे मी काढलेले दोन्ही शॉकअप स्कूटरवर टाकून वर्कशॉपला नेतो. तिथे प्रेसवर स्प्रिंग दाबून ते नव्या शॉकअपवर चढवून देतात, मजुरी थोडी पडते. रबर माउंट, बेअरिंग, आतला बंप स्टॉप (शॉकअप पूर्ण दबल्यावर धक्का झेलणारा रबर) आणि धुळीचं कव्हर त्याच वेळी नवं घाला, पुन्हा एवढं सगळं खोलायची हौस राहत नाही. डावा-उजवा वेगळा असतो, दुकानातच तपासून घ्या. स्प्रिंगचं टोक खालच्या वाटीतल्या खाचेला टेकलंय का तेही बघा.

माझी एक चूक सांगतो. पहिल्या खेपेला वर्कशॉपमध्ये तो मधला नट आवळताना नव्या शॉकअपचा चकचकीत रॉड फिरू नये म्हणून मी तो पकडीने धरला. रॉडवर बारीक ओरखडा उमटला, तो वरखाली होताना सील कापत गेला आणि दोन महिन्यांत शॉकअप गळायला लागला. रॉडला पकड कधीच लावायची नाही. वर ॲलन कीसाठी भोक असतं, तिथे धरायचं.

बसवणं म्हणजे हेच उलट क्रमाने. खुणा जुळवा, नकलचे नट शक्य तर नवे घाला आणि टॉर्क पान्याने (किती जोर लावला ते दाखवणारा पाना) मॅन्युअलमधल्या आकड्याइतके आवळा. स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून होज कुठे ताणला जात नाही ना ते बघा. मग अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन मशीनवर जुळवून घेणं. खुणा कितीही अचूक जुळल्या तरी ते करून घ्याच, नाहीतर टायर एका कडेने झिजतील. मी अलाइनमेंटनंतर तुळजापूरला जाऊन आलो, जाऊन-येऊन ९० किलोमीटरच्या आसपास होतं, आणि घरी आल्यावर सगळे नट पुन्हा तपासले. एक चाकाचा नट पाव फेरी सैल निघाला.

पहिल्या वेळी मला पाच तास लागले, दुसऱ्या वेळी वर्कशॉपची फेरी धरून साडेतीन. भंगारात द्यायच्या आधी जुने शॉकअप उभे धरून त्यांचे रॉड हाताने दाबून बघा. आमचा उजवा मधेच दोन इंच काहीही अडथळा न होता रिकामा जात होता, डावा अजून बऱ्यापैकी घट्ट होता.